आधी श्वास, मग कूलर

पॅनलवर कुरड्या वाळत घालू नका, हे वाक्य मी आजवर जितक्या वेळा बोलले असेन तितक्या वेळा पोरांना अभ्यासाला बसा म्हणूनसुद्धा सांगितलं नसेल. नागपूरचा उन्हाळा लागला की बायकांना गच्चीवर सपाट, स्वच्छ, तापलेली जागा हवी असते, आणि सोलर पॅनल म्हणजे त्यांच्या लेखी काचेचं भलं मोठं ताट. आमच्या हुडकेश्वरातल्याच एका घरून फोन आला होता, वीज अर्धीही येत नाही, माल खोटा दिला म्हणून. वर जाऊन बघते तर चार पॅनलांवर पापड, त्यावर कावळ्यांनी नेऊ नयेत म्हणून पांढरं धोतर पांघरलेलं. घरधनी माझ्याकडे बघून विचारतो, "मेकॅनिक कुठं हाये?" म्हटलं, तुमच्यासमोर उभी आहे, आधी पापड उचला.

मग त्याला समजावून सांगितलं. स्लॅब टाकायच्या दिवशी माणसं रांगेत उभी राहून घमेली हातोहात वर देतात ना, तशी पॅनलमधली वीज एका चौकटीतून दुसऱ्या चौकटीत जात असते. मधला एक जण बसला की मागच्यांची घमेली अडकली. एका पापडाची सावली एवढं काम करते. घरच्या बाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, मग पापड कुठं वाळवू? शेवटी उरलेल्या अँगलचा एक रॅक त्यांना जोडून दिला, तेव्हा कुठे माझा माल खरा ठरला.

मी मूळची कूलरवाली. सासऱ्यांचं मोटारी भरायचं दुकान होतं. मोटार भरायची म्हणजे जळालेली तार काढून नवी गुंडाळायची. त्यांच्याकडे बघत बघत मी शिकले आणि त्यांच्या हयातीतच गिऱ्हाईकं मला विचारत येऊ लागली. नागपुरात कूलर बंद पडला की माणसं डॉक्टरच्या आधी आमच्याकडे धावतात. पुढे छतांवर पॅनलं दिसू लागली तेव्हा मीही जिना चढले. लोक म्हणाले, बाईमाणूस छतावर चढते. म्हटलं, कपडे वाळत घालायला चढते तेव्हा कोणी काही म्हणत नाही ते.

या कामात मिरवण्यासारखं पुष्कळ झालं, पण मला कोणी विचारलं की सगळ्यात भारी काम कोणतं, तर मी छतांचं नावच घेत नाही. मी सरांच्या ट्रेलरचं सांगते.

सर म्हणजे आमच्या गल्लीच्या टोकाला राहणारे निवृत्त हेडमास्तर. निवृत्त झाल्यावर लोक तीर्थाला जातात, प्लॉट घेतात. सरांनी आणि काकूंनी एका ट्रकच्या बॉडीवाल्याकडून छोटा ट्रेलर बनवून घेतला. गाडीच्या मागे जोडायचं, चाकांवरचं खोलीएवढं घर. आत एक पलंग, एक ओटा, एक खिडकी. त्यात बसून दोघं नवेगावला गेले, रामटेकला गेले, तळ्याकाठी चहा करून प्यायले. गल्लीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या आणि घरी जाऊन नवऱ्यांशी भांडायच्या. मग सरांच्या फुप्फुसांनी दगा दिला. रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी सांगितलं, आता ऑक्सिजनचं मशीन सतत लागेल. हवेतून ऑक्सिजन वेगळा काढून नळीने नाकात सोडणारं हे मशीन विजेवर चालतं. सर त्या नळीला बांधले गेले आणि ट्रेलर कडुलिंबाखाली पडून राहिला. त्याच्यावर पाखरं बसायची.

एका दुपारी काकू दुकानात आल्या. त्या कमी बोलतात आणि बोलल्या की पुढच्याला जागा ठेवत नाहीत. त्यांची लेक भिवापूरच्या पलीकडे एका खेड्यात दिलेली, जावई दिवाकर मिरचीचा शेतकरी. त्यांच्या मुलीचं, म्हणजे प्रज्ञाचं लग्न मे महिन्यात गावातच ठरलं होतं. सर हे त्या घरचे बौद्धाचार्य. घरातलं प्रत्येक लग्न त्यांनीच लावलेलं. ते पुढे त्रिशरण-पंचशील म्हणणार, मंडप मागे म्हणणार, अशी रीत पडलेली. प्रज्ञाने लहानपणीच सांगून ठेवलं होतं की माझं लग्न आबाच लावतील. पण गावात विजेचा भरवसा नाही. सिलिंडर न्यावा तर तो मुक्कामाला किती पुरणार? पोरगी म्हणाली, मग मी नागपुरातच लग्न करते. सर म्हणाले, माझ्यासाठी गावाचं लग्न शहरात नेलं तर मी येणारच नाही.

काकू मला म्हणाल्या, "ह्याईले नातीचं लग्न लावाचं हाय. मले ह्याईले धडधाकट वापस आणाचं हाय. दोन्ही जमत असन त सांग."

मी ट्रेलर बघायला गेले. त्याच्या छताचा पत्रा इतका पातळ की पॅनल सरळ त्यावर ठोकलं तर पहिल्याच खड्ड्यात सुटलं असतं, आणि नुसतं भोक पाडलं तर पावसाळ्यात पलंगावर धार लागली असती. म्हणून आधी बोटाने ठोकत ठोकत पत्र्याखालच्या लोखंडी पट्ट्या शोधल्या. आवाज भरीव आला की खडूची खूण करायची. त्या पट्ट्यांवर अ‍ॅल्युमिनियमची चौकट बसवली, प्रत्येक भोकात रबर आणि सीलंट भरलं, आणि पॅनल पत्र्यापासून चार बोटं वर उचलून धरलं, खालून वारा खेळावा म्हणून. लोकांना वाटतं, नागपूरचं ऊन म्हणजे विजेची दिवाळी. तसं नाही. पॅनलला उजेड लागतो, ताप नाही. मे महिन्यात पॅनल माणसासारखंच सुस्तावतं.

दोन पॅनलं वर, पलंगाखाली लिथियमची बॅटरी, शेजारी इन्व्हर्टर, आणि पॅनलांची वीज बॅटरीला बेताबेताने पाजणारा चार्जर. चार्जर मी मुद्दाम दमदार घेतला, दोन्ही पॅनलांचा दाब एकदम आला तरी झेलेल असा. वाटेतल्या उमरेड रोडचे धक्के ध्यानात ठेवून सगळे नट आत नायलॉनची कडी असलेले लावले, जे आपोआप ढिले होत नाहीत, आणि ते अंगातली सगळी ताकद लावून आवळले. पुढे याच ताकदीला मी शिव्या देणार होते.

काकू बघत उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, आणि कूलर? साहजिक होतं. मेमध्ये त्या पत्र्याच्या डब्यात माणूस भाजून निघेल. पण मशीन काही मिक्सरसारखं पाच मिनिटं फिरून थांबणारं नाही, ते दिवसरात्र वीज खाणार. मी हात जोडले. म्हटलं, काकू, एवढ्याशा छतावर एवढीच पॅनलं मावतात. मशीन आणि कूलर दोन्ही मी कबूल करणार नाही. काय पाहिजे ते एक सांगा. आतून सरांचा आवाज आला, धाप लागलेला पण मिश्कील.

"आधी श्वास, मग कूलर. लिहून घे वं रेखा."

डॉक्टरांनी होकार दिला, पण अटी घातल्या. मशीन बंद पडता कामा नये. एक छोटा सिलिंडर गाडीत राहील, पण तो परतीच्या वाटेसाठी, दुसऱ्या कशासाठी नाही. बॅटरीच्या मीटरवर मी लाल रेघ मारून दिली होती. काटा तिच्याखाली गेला आणि वर यायचं चिन्ह नसलं तर लग्न सोडून तडक नागपूर. काकूंनी डॉक्टरांसमोर तसा शब्द दिला आणि मला म्हणाल्या, तू पण चाल, पांढरी साडी घे. आमच्या लग्नांत पांढरंच नेसतात, म्हणून मी ती साडी घेतली आणि पान्यांची पिशवीही घेतली.

लग्नाच्या आदल्या दिवशी पोचलो. दिवाकरच्या अंगणाच्या कडेला, मंडपाला लागूनच ट्रेलर उभा केला, म्हणजे नळी मंडपापर्यंत पोचेल. संध्याकाळी मेमधलं येतं तसं वादळ आलं. धूळ, मग चार थेंब, आणि कुठेतरी खांब आडवा झाला. पंचक्रोशीची लाइन गेली. लग्नासाठी भाड्याने सांगितलेला जनरेटर दुसऱ्या गावच्या लग्नात अडकला तो आलाच नाही. सगळं घर माझ्याकडे बघू लागलं आणि मी छाती पुढे काढून सांगितलं की रात्र बॅटरीवर निघेल, सकाळी ऊन भरून देईल. आणि खरंच, रात्र निघाली. सर शांत झोपले.

सकाळी मी आंघोळ करून, साडी नेसून, चहाचा कप हातात घेऊन ऐटीत मीटर बघायला गेले. ऊन चांगलं वर आलेलं. काटा लाल रेघेवर टेकलेला, आणि पॅनलांकडून येणारी वीज जवळजवळ काही नाही. मी बाहेर येऊन वर बघितलं. पूर्ण ट्रेलरवर, मंडपाच्या खांबापासून अंगणातल्या कडुलिंबाच्या फांदीपर्यंत, हिरवी जाळी ताणून बांधलेली.

ही जाळी नागपूरकडच्या माणसाला सांगावी लागत नाही. आम्ही ती गच्चीवर लावतो, कूलरवर लावतो, तुळशीवर लावतो, सिग्नलवर थांबणाऱ्यांच्या डोक्यावरही लावतो. आमच्याकडे पाहुण्याला पाणी द्यायच्या आधी सावली देतात. पॅनलांना काय, पापड असो की जाळी, उपास तो उपास.

कोणी बांधली म्हणून मी ओरडणार तेवढ्यात दिवाकर समोर आला. उंचापुरा माणूस, लग्नाचा कडक सदरा घातलेला, हात जाळीच्या दोऱ्यांनी कापलेले. तो पहाटेच रोपवाटिकेतून जाळी मागून आणून स्वतः बांधत बसला होता.

"मीच बांधली," तो म्हणाला. "आत कूलर नाही म्हणे. बाबाले ऊन लागन म्हणून."

माझ्या तोंडात आलेलं सगळं मी गिळलं. पोरीच्या लग्नाच्या दिवशी सासऱ्याच्या डोक्यावर सावली धरणाऱ्या माणसाला काय बोलणार? त्याला काय झालंय ते समजावलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला. तो दोऱ्या तोडायला धावला. मी अडवलं. त्याच दोऱ्यांवर मंडपाची एक बाजू तोललेली होती, ती सोडली असती तर छत पाहुण्यांवर आलं असतं. आणि जाळी काढली तर सर त्या पत्र्यात उकडले असते, कारण कूलर मीच नाकारलेला. ट्रेलर हलवावा तर मंडप, खांब आणि पाहुण्यांच्या गाड्या यांच्यामध्ये तो पुरता अडकलेला.

काकू दारात आल्या. त्यांना काही सांगावं लागलं नाही, मीटर त्यांनी माझ्या आधी बघितलेला.

"नवरदेव गावात याच्या आधी काटा लाल रेघेच्या वर आला पाह्यजे," त्या म्हणाल्या. "नाही त मी ह्याईले घेऊन निघते. शब्द देल्ला हाय."

आत सर खिडकीतून मंडपाकडे बघत होते. प्रज्ञा हळदीच्या हातांनी दाराशी येऊन उभी राहिली आणि तिला कळलं. ती रडली नाही, आबाच्या पायाशी जाऊन बसली. मला एकदम संताप आला, कोणाचा ते माहीत नाही. मी पदर खोचला.

ट्रेलर सावलीतून उन्हात जात नसेल तर पॅनलं उन्हात जातील, एवढं सोपं होतं ते. मी शिडी लावून पांढऱ्या साडीत छतावर चढले. जाळी आणि पत्रा यांच्यामध्ये ओणव्याने बसून नट सोडायला घेतले आणि ते हलेनात. नायलॉनचे नट, आणि आवळणारी मी. दिवाकरने खालून लांब पाइप दिला, तो पान्याला घालून जोर लावला तेव्हा एकेक सुटला. लग्नघरच्या बायकांनी खाली हात उभे करून पॅनलं झेलली आणि अंगणापलीकडे, मिरची वाळवायच्या मोकळ्या जागेवर नेली. तिथे दोन बाजा, म्हणजे सुतळीच्या खाटा, टाकल्या, त्यांच्या एका बाजूच्या पायांखाली दगड सारून पूर्वेकडे तोंड केलं आणि पॅनलं त्यांवर निजवली.

आता खरी पंचाईत वायरची होती. बाजा लांब आणि माझी वायर आखूड. मंडपवाल्याकडे वायर होती, पण दिव्यांच्या माळेची, दोऱ्यासारखी बारीक. तिच्यातून एवढी वीज न्यायची म्हणजे बारीक नळीतून शेत भिजवायचं. अर्धी वाटेतच गेली असती. दिवाकर म्हणाला, बोअरचा केबल चालन का? त्याची मोटार दुरुस्तीला वर काढलेली होती आणि तिची चपटी, जाड केबल वेटोळं करून गोठ्यात पडली होती. बोअरमध्ये खोल पाण्यात राहणारी ती केबल. मी म्हटलं, चालन नाही, धावन.

तरी अंतर फार होतं. म्हणून जोडणीही बदलली. छतावर दोन्ही पॅनलं शेजारी शेजारी दोन नळांसारखी जोडलेली होती. आता एकाची शेपूट दुसऱ्याच्या तोंडाला दिली. असं केलं की दाब दुप्पट होतो, आणि दाब वाढला की लांबच्या पल्ल्यात वीज कमी गळते. चार्जर दमदार घेतला होता तो इथे कामी आला. पॅनलला बटन नसतं, उजेड पडला की त्यात वीज असते, म्हणून जोडताना वर गोधड्या टाकल्या. सगळे जोड पक्के केले, टेप गुंडाळली, पुन्हा एकदा हाताने ओढून बघितले. मग दिवाकरला म्हटलं, काढा गोधड्या.

मी बाजांजवळून हलू शकत नव्हते. तिथून ट्रेलरचं दार दिसत होतं आणि दारात काकू मीटरकडे तोंड करून उभ्या. सूर्य वर चढला तसे मी पायांखालचे दगड एकेक करून काढत गेले, पॅनलं आडवी करत गेले. लांबून बँडचा आवाज येऊ लागला. मला घाम फुटलेला, साडीला ग्रीस लागलेलं. बँड वेशीवर आला तेव्हा काकूंनी पाठ वळवली, आत गेल्या आणि बाहेर आल्या त्या सरांची पांढरी टोपी हातात घेऊन. त्यांनी ती झटकली आणि सरांच्या डोक्यावर ठेवली. मी तिथेच, मिरचीच्या देठांमध्ये, मटकन खाली बसले.

लग्न मी बघितलं नाही. मी पॅनलांची राखण करत होते. एक शेळी सारखी बाजेवर चढायला बघत होती आणि एका आजींनी सद्भावनेने वर अक्षता म्हणून फुलं टाकली, ती वेचावी लागली. पण मी ऐकलं. लाइन नव्हती म्हणून माइक नव्हता, पंखे नव्हते, भोंगा नव्हता. एवढी शांतता मी कोणत्याच लग्नात अनुभवली नाही. त्या शांततेत आधी मशीनचा आवाज आला, फुस्स, फुस्स, आणि मग सरांचा.

मला धास्ती होती की एवढं लांबलचक ते म्हणतील कसं. पण आमची रीतच अशी की पुढचा एक ओळ म्हणतो आणि मग सगळे तीच ओळ म्हणतात. सरांनी एक ओळ म्हटली. थांबले. मंडपाने ती उचलली, भरल्या आवाजाने, आणि मंडप म्हणत होता तोवर सरांनी श्वास भरून घेतला. मग पुढची ओळ. पहिली ओळ जरा थरथरली होती, तिसरीला आवाज मोकळा झाला. लोक मुद्दाम सावकाश म्हणत होते, सरांना पुरेल एवढा वेळ देत होते, हे मला लांबूनही कळलं. मीही उन्हात हात जोडून मागे म्हटलं. माझा आवाज मंडपापर्यंत पोचला नसेल, पण शेळी स्तब्ध उभी राहून ऐकत होती.

त्यांनी शेवटपर्यंत म्हटलं. एकही ओळ दुसऱ्या कोणाला द्यावी लागली नाही. मग फुलांचा वर्षाव झाला आणि बँड वाजला तेव्हा मला रडू आलं, आणि मी ते येऊ दिलं.

आता मी कोणाच्याही ट्रेलरवर पॅनलं बसवते तेव्हा पान्याशिवाय सुटतील अशी बसवते आणि सोबत लांब, जाड केबल देते. गिऱ्हाईक विचारतं, कशाला? मी सांगते, तुम्ही नागपूरचे, तुम्ही सावलीतच उभे राहणार. वाईट एवढंच वाटतं की सासरे हे बघायला नव्हते.

त्या दिवशी जेवणं उठल्यावर काकू ताट घेऊन स्वतः बाजांपर्यंत आल्या. उन्हातून, डोक्यावर पदर घेऊन. ताट माझ्या हातात दिलं आणि शेजारी उभ्या राहिल्या.

"ऐकला का आवाज?" त्यांनी विचारलं.

ऐकला म्हटलं.

"मी लय दिवसांनी ऐकला वं," त्या म्हणाल्या आणि मंडपाकडे वळल्या.

जेवून मी मीटर बघायला गेले. दुपारचं ऊन डोक्यावर, पॅनलं त्याच्यापुढे सपाट पडलेली, काटा लाल रेघेच्या कितीतरी वर. संध्याकाळी तर निघायचंच होतं. मी मनात पुन्हा पुन्हा हिशेब करून बघितला आणि मग दिवाकरला हाक मारली. म्हटलं, घरातला कूलर आणा. तो कूलर डोक्यावर घेऊन आला, पाण्याची बादली प्रज्ञाचा नवरदेव घेऊन आला. कूलर ट्रेलरच्या दारात ठेवला, वर दिवाकरची हिरवी जाळी होतीच. सर पलंगावर पडल्या पडल्या माझ्याकडे बघत होते.

"सर, श्वास झाला," मी म्हटलं. "आता कूलर."

काकूंनी बटन दाबलं. गवताचा ओला वास आला, सरांच्या सदऱ्याची बाही हलली आणि थोड्या वेळात ते झोपले. मी दारात बसून ऐकत राहिले. मशीन चालू होतं, आणि कूलरच्या मोटारीचं बेअरिंग वाजत होतं. असा आवाज कानावर पडला की मी कोणाच्याही घरात असो, उठून पाना काढते. त्या दिवशी मी ते तसंच वाजू दिलं.